प्रबंध बांधून घ्यायचाय? गणपती पेठेमागच्या या दुकानात जा

सांगलीत प्रबंध टाइप करून, छापून, बांधून देणारी दुकानं काही कमी नाहीत. विश्रामबागला कॉलेजांच्या आसपास तर एकाला लागून एक आहेत, मिरजेतही आहेत. तरी कुणी विचारलं की मी गावातल्या, गणपती पेठेच्या मागच्या बोळातल्या दुकानाचा पत्ता देते. माझा मराठीतला पीएच.डी.चा प्रबंध नुकताच तिथून करून घेतला. टायपिंग स्वच्छ, कागद चांगला, बांधणी भक्कम, हे सगळं आहेच. पण माझ्या शिफारशीचं मुख्य कारण वेगळं आहे. मराठीचा प्रबंध, इंजिनिअरिंगचा प्रबंध आणि एमडीचा प्रबंध या तीन निराळ्या वस्तू आहेत, हे तिथल्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. तिघांचा पुरावा वेगळा, म्हणून तिघांचं पानही वेगळं. बहुतेक ठिकाणी एकच साचा ठरलेला असतो आणि आपलं काम त्यात कोंबलं जातं.

पाटीवर ‘टायपिंग, झेरॉक्स, थिसिस बाइंडिंग’ एवढंच लिहिलंय. खाली झेरॉक्स आणि प्रिंटर, मागच्या बाजूला कटिंग मशिन आणि लोखंडी प्रेस. लाकडी जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर कॉम्प्युटर. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या पुढे गेली (धोक्याची पातळी 45 फूट आहे) आणि पेठेत पाणी शिरलं. तेव्हापासून कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांचे कागद वरच ठेवतात. बांधणी काका करतात. टायपिंग आणि पानांची मांडणी त्यांच्या सूनबाईंकडे. त्यांना सगळे ताईच म्हणतात, वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा.

माझा विषय होता हळदीच्या व्यापारातली बोली. सांगलीचा हळद बाजार, राजापुरी हळद, हरिपूरची पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे), आणि या सगळ्यात राबलेल्या माणसांच्या तोंडचे शब्द. हमाल, अडते, तोलाईदार, काहिलीपाशी हळद शिजवणाऱ्या बायका, अशा लोकांच्या मुलाखती परिशिष्टात जशाच्या तशा दिल्या आहेत. पेवातून हळद काढणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांनी सांगितलं होतं, ‘प्याव उघडलं की लगी आत उतरायचं न्हाई, आदी कंदील सोडायचा. कंदील इजला तर मानूस बी इजतंय.’ माझ्या प्रबंधात या वाक्याला जी किंमत आहे ती दहा पानांच्या विवेचनाला नाही. ‘इजणं’ हे क्रियापद दिव्याला आणि माणसाला एकाच श्वासात लावलंय. ते तसंच्या तसं छापलं गेलं पाहिजे.

आधी एका दुसऱ्या दुकानात मी नमुन्यादाखल काही पानं दिली होती. तिथे ‘मानूस’चं ‘माणूस’, ‘पानी’चं ‘पाणी’, ‘न्हाई’चं ‘नाही’ करून दिलं. वर सांगितलं, मॅडम, तुमच्या पुष्कळ चुका होत्या, सगळ्या काढल्या. मुलाखतीतला शब्द प्रमाण मराठीत आणला की माझा पुरावाच गेला. डॉक्टरच्या तक्त्यातला हिमोग्लोबिनचा आकडा ‘बरा दिसावा’ म्हणून कुणी बदलेल का? बोलीतल्या शब्दालाही तेवढाच मान हवा. गणपती पेठेतल्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘मॅडम, अवतरणातलं तसंच ठेवते, आणि तुमच्या स्वतःच्या मजकुरात तेच दिसलं तर खूण करते. चालतंय का?’ मला एवढंच हवं होतं. अवतरणांसाठी त्यांनी वेगळी शैली लावली, डावीकडे जरा आत घेतलेली, आणि तिथे शुद्धलेखन तपासणी बंद करून टाकली.

दुसरी अडचण फॉन्टची. माझी जुनी प्रकरणं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती, नवी युनिकोड या सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलून घेतला की वेलांट्या सरकतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘तऱ्हा’ आणि ‘वाऱ्यावर’ मधल्या अर्ध्या ‘ऱ’चं काहीतरी भलतंच होतं. सॉफ्टवेअर हे काम चटकन करतं, पण त्यानंतर माणसाने ओळ अन् ओळ वाचावी लागते. ताई वाचतात. मूळ प्रिंट डाव्या हाताला, पडदा समोर, बोट ओळीवर. पानाच्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ आहे की हिंदी वळणाचा, हेही त्यांनीच आधी विचारलं. मराठीच्या प्रबंधात मराठीच वळण हवं, असं माझं ठाम मत आहे.

हा फॉन्टचा मुद्दा मी लांबवतेय, कारण तो फार मोठा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009 च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणं सक्तीचं केलं. ते शोधगंगा या भांडारात जातात; गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते सांभाळतं. तिथे मराठीतले कितीतरी प्रबंध आहेत. पण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रबंधाची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते आणि कॉम्प्युटरला ती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं यांची खिचडी दिसते. आत ‘हळद’ शंभरदा असली तरी ‘हळद’ टाकून शोधलं की हाती काही लागत नाही. इंजिनिअरिंगचा, वैद्यकाचा प्रबंध इंग्रजीत असतो, शब्द टाकला की पान समोर येतं. आमच्या लोकांनी गावोगाव हिंडून गोळा केलेल्या ओव्या, म्हणी, धंद्यांचे शब्द मात्र चढवलेले असूनही सापडत नाहीत. म्हणून ज्यांचा प्रबंध मराठीत आहे त्यांनी पैसे वाचवायला दुसरीकडे कुठे काटकसर करावी, युनिकोडमध्ये नीट टायपिंग करून घेण्यात करू नये. ताई पीडीएफ तयार झाली की आपल्यादेखत त्यात दोन-चार शब्द शोधून दाखवतात, मगच फाइल देतात. शोधगंगेसाठी प्रकरणवार वेगळ्या फायलीही करून देतात.

संदर्भसूची त्या स्वतंत्र वाचतात. वर्ष नाही, पृष्ठ क्रमांक नाही, असं दिसलं की समासात पेन्सिलीची फुली. काही विद्यार्थी यावर वैतागतात. वैतागू नये. हळदीचंच घ्या. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद), डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आज्या हळद लावत आल्या एवढं सांगून भागणार नव्हतं, छापील पुरावा लागला. त्यात जुना संस्कृत ग्रंथ होता आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेखही होता. पोथी वाचणारे आणि प्रयोगशाळेतले, दोघांचे कागद एकाच फायलीत गेले. कुणीतरी कधीतरी साल आणि पान नीट नोंदवून ठेवलं होतं म्हणून ते सापडले. सांगलीच्या माणसाने तरी हे विसरू नये.

आता इंजिनिअरिंग. मी बसले होते तेव्हा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा एक एम.टेक.चा मुलगा शेजारी होता, विषय कृष्णेच्या पुराचं पाणी. त्याच्या प्रबंधात शब्द थोडे आणि चिन्हं फार. नदीच्या पात्राचा खडबडीतपणा दाखवणारा मॅनिंगचा ‘एन’ लहान लिपीत, तिरका हवा. तो मोठा झाला की अर्थ बदलला. ग्रीक ‘न्यू’ आणि इंग्रजी ‘व्ही’ पडद्यावर जुळ्या भावांसारखे दिसतात, एक पाण्याच्या चिकटपणाचा, दुसरा वेगाचा. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल उघडली की समीकरणातल्या चिन्हांचे चौकोन होतात, तेही ताई आधीच तपासतात. चिन्हांची यादी आणि त्यांची एककं वेगळ्या पानावर लावून मग त्या मजकुरातलं प्रत्येक चिन्ह यादीशी ताडून बघतात. ‘मला गणित येत न्हाई सर,’ त्या त्याला म्हणाल्या, ‘पण यादीत नसलेलं चिन्ह मला लगेच दिसतंय.’ आलेखांसाठी त्या रेषांचे रंग विचारत नाहीत, ‘काळ्यापांढऱ्यात छापलं तर कुठली रेघ कुठली हे कळंल का?’ असं विचारतात. त्या मुलाने तुटक रेषा, ठिपक्यांची रेषा असे बदल तिथेच बसून केले.

त्या मुलाचं आणि माझं बोलणं झालं. पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे त्याच्या दृष्टीने नोंदी, त्यावरून पाणी किती वाहतंय याचा हिशोब. माझ्या मामांच्या दृष्टीने पाणी हरिपुरात कुठल्या पायरीला लागलं की पेवाला धोका, हा हिशोब. 2005 च्या पुराने पेवांचं अतोनात नुकसान केलं. त्याच्याकडे त्या पुराच्या पातळीचा तक्ता, माझ्याकडे त्या माणसांची वाक्यं. दोघांनी एकमेकांची परिशिष्टं मागून घेतली. असा शेजार विद्यापीठाच्या वेगवेगळ्या इमारतींत मिळत नाही, इथे बाकावर मिळतो.

वैद्यकीय प्रबंध हे काकांचं खास काम. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे एमडी, एमएसचे प्रबंध मिरजेहून, सांगलीच्या हॉस्पिटलांतून इथे येतात. त्यांत शेवटी ‘मास्टर चार्ट’ असतो. प्रत्येक रुग्णाची एक ओळ, वय, लक्षणं, तपासण्या, सगळे रकाने आडवे. तो ए-फोरवर मावत नाही, मावला तर वाचता येत नाही. काका तो ए-थ्रीवर छापायला लावतात आणि घडी घालून बांधतात. ही घडी कशी घालतात ते जरूर बघा. पान बाहेरच्या कडेपासून बोटभर आत दुमडतात, कारण बांधून झाल्यावर कटिंग मशिनखाली कडा छाटली जाते. घडी कडेला टेकली असेल तर पान घडीवरच कापलं जाऊन दोन तुकडे होतात. आणि घडीमुळे बाहेरची बाजू जाड होते, प्रबंध तोंडाशी फुगतो. म्हणून मणक्याच्या बाजूला तेवढ्याच जाडीच्या कागदाच्या पट्ट्या लावून ते दोन्ही बाजू समान करतात. मिटलेला प्रबंध टेबलावर सपाट बसतो. हे काम घाईत होत नाही आणि काका घाई करतही नाहीत.

तक्त्यात रुग्णाचं नाव दिसलं तर ताई छपाई थांबवून डॉक्टरांना फोन करतात. नाव नको, फक्त क्रमांक. काम झालं की गिऱ्हाइकासमोर फाइल कॉम्प्युटरवरून काढून टाकतात. खराब प्रिंट फाडून टाकतात, भेळेच्या पुड्याला जात नाहीत. एवढं सांभाळणारं दुकान मी दुसरं पाहिलेलं नाही.

एक डॉक्टर मुलगी, एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाची, सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, छापायला आली होती. रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे जायचं होतं. विषय सर्पदंश. ऊसतोडीच्या भागात हा विषय किती जवळचा आहे हे सांगायला नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांच्या विषावर चालणारं प्रतिविष, आणि रक्त स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतंय का बघण्याची साधी तपासणी. घोणस चावली असेल तर ते बहुधा गोठत नाही. तिने हे इतकं सोपं करून सांगितलं की मला तिचा विषय लगेच कळला. पण तिचं मराठी संमतीपत्र कळेना. ‘सदर संशोधन प्रकल्पामध्ये स्वेच्छेने सहभाग नोंदविण्यास माझी हरकत नसून...’ ताई तिला म्हणाल्या, ‘डॉक्टर, मॅडम मराठीच्या आहेत, दाखवायचं का?’ तिने आनंदाने दाखवलं. रुग्ण ऊसतोड मजूर, त्याला किंवा त्याच्या बायकोला हा कागद वाचून दाखवणार. मी सुचवलं: ‘तुमच्या तपासणीची माहिती आम्ही अभ्यासासाठी वापरू का? नको म्हणालात तरी उपचार तेच आणि तसेच होतील. आज हो म्हणून उद्या नको म्हणता येईल.’ तिने ते उतरवून घेतलं, गाइडना विचारून बदलते म्हणाली. भाषेच्या माणसांनी वैद्यकाला करायची मदत नेमकी ही. इंजिनिअरिंगवाले यंत्रं देतात, आम्ही निदान कळेल अशी वाक्यं तरी देऊ.

(ग्रामीण रुग्णांवरचं संशोधन म्हणजे दुय्यम, असा समज असलेल्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आठवावं. कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांचं त्यांचं निरीक्षण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे प्राझोसिन या गोळीने कितीतरी जीव वाचले.)

इतिहासाच्या एका मुलाचा प्रबंध पटवर्धन संस्थानिकांच्या काळातल्या मोडी कागदांवर होता. बाकी प्रबंध कागदाच्या एकाच बाजूला छापतात. त्याच्यासाठी काकांनी कागदाच्या पाठीवर मोडी पत्राचा फोटो आणि समोरच्या पानावर देवनागरी लिप्यंतर अशी मांडणी केली. वाचणाऱ्याला मान न वळवता दोन्ही ताडता येतं. विद्यापीठाच्या नियमात बसतं का ते आधी विचारून या, असं मात्र त्याला दोनदा बजावलं.

एक गोष्ट हे दुकान करत नाही: प्रबंध लिहून देत नाही. तसले फलक आपण सगळ्यांनी पाहिलेत. माझ्यादेखत एकाने विचारलं, सिमिलॅरिटी चाळीस टक्के येतीय, शब्द फिरवून दहाच्या आत आणून देता का? यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या आहेत, म्हणून ही धडपड. काका म्हणाले, ‘आमी बांधून देतो, लिवून न्हाई.’ तो माणूस निघून गेला, काका परत खळ लावायला बसले. हंगामात असलं गिऱ्हाईक सोडणं सोपं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो या एका वाक्यामुळे दुणावला.

बांधणीबद्दल. पुठ्ठा जाड, वर रेक्झीन, आत अस्तराचा कागद, रेशमी खुणेची फीत. सुट्या पानांना नुसता गरम गोंद लावून भागवत नाहीत. बाजूने टाके घालतात, मग खळ, मग प्रेसमध्ये रात्रभर. माझ्या मार्गदर्शकांनी प्रत चांगली ताणून उघडली, एक पानही हललं नाही. त्यासाठी डावीकडे दीड इंच समास सोडावा लागतो, तो सोडाच. मुखपृष्ठावरची सोनेरी अक्षरं देवनागरीत असतील तर काका सुटे खिळे (धातूची एकेक अक्षरं) जुळवत नाहीत, अख्ख्या मजकुराचा ब्लॉक, म्हणजे एकच ठसा, करून घेतात. सुट्या खिळ्यांनी शिरोरेघ अक्षराअक्षराला तुटते आणि ‘विद्यावाचस्पती’ दात पडल्यासारखं दिसतं. ब्लॉकचे पैसे वेगळे, दोन दिवस जास्त, पण करून घ्या.

उणिवाही सांगते. रंगीत छपाई फिकी येते. माझा हरिपूरचा नकाशा आणि पेवांचे फोटो मनासारखे उतरले नाहीत, ती पानं मी दुसरीकडून छापून आणून दिली आणि काकांनी विनातक्रार बांधली. लॅटेक्समध्ये (समीकरणांच्या मजकुरासाठी वापरतात ते सॉफ्टवेअर) काम करणाऱ्यांनी पीडीएफच न्यावी, तिथे त्यात दुरुस्ती होत नाही. फोन सहसा उचलत नाहीत. सबमिशनच्या हंगामात तारीख सांगतात ती एक-दोन दिवस पुढे जाते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका. पोटमाळ्याचा जिना खडा आहे. गुडघे दुखत असतील तर खाली निरोप द्या, ताई खाली येतात.

दर मला पडले ते असे: काळी छपाई पानाला दोन रुपये, युनिकोडमध्ये बदलून तपासून देण्याचे पानाला पंधरा, हार्ड बाइंडिंग प्रतीला तीनशे, देवनागरी ब्लॉक एकदाच साडेचारशे. विश्रामबागेपेक्षा थोडं महाग आहे. यूपीआय चालतं. सकाळी दहा ते संध्याकाळी आठ, रविवारी बंद. जाताना विद्यापीठाच्या नियमांची प्रिंट, मुखपृष्ठाचा मजकूर स्वच्छ अक्षरात लिहिलेला आणि मराठीचा प्रबंध असेल तर जुन्या फॉन्टमधली मूळ छापील प्रत सोबत न्या; ताई पहिल्यांदा तीच मागतात.